वेल्डर

कंटेनर तसूभरही हलत नव्हता. त्याच्या मागे ओजसची कॅब, कॅबच्या मागे कंपन्यांच्या बसेस आणि कांद्याचे ट्रक. चाकणचा चौक गच्च तुंबला होता. कुलदीपचा फोन पुन्हा वाजला.

"कुठवर आलास?"

"तिथंच आहे."

"आरं, पोरांनी शेड डोक्यावर घेतलंय हिकडं! उतर आन् कुणाच्या तरी गाडीवर बसून ये."

"बघतो," म्हणून ओजसने फोन ठेवला, पण तो उतरला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं. कंटेनर हलत नव्हता तोवर शेडमधल्या आजच्या कार्यक्रमासाठी मांडीवरच्या पिशवीतलं हेल्मेट डोक्यावर चढवावं लागणार नव्हतं.

ते वेल्डिंगचं हेल्मेट होतं. सात वर्षांपूर्वी ओजस महाळुंग्याच्या एका कंपनीत ट्रेनी इंजिनिअर होता. दिघीच्या घरी दार लावून तो लॅपटॉपवर गाणी करायचा. मशीनचे ठोके, करवतीसारखी गिटार आणि त्यावर घसा फाडून ओरडणं. याला डान्स-पंक म्हणतात, हे त्याला नंतर कळलं. पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा साहेबांनी ओळखू नये म्हणून त्याने कंपनीच्या वेल्डिंग शॉपमधलं हेल्मेट घातलं, चामडी एप्रन आणि हातमोजे चढवले आणि नाव घेतलं वेल्डर.

वेल्डर चालला. नुसता चालला नाही, सुसाट सुटला. बंगळुरू, गोवा, शिलाँग. नोकरी सुटली. कॉलेजातला मित्र कुलदीप, महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातला, त्याचा मॅनेजर झाला. पोरं वेल्डरची चित्रं दंडावर गोंदवून घेऊ लागली. ओजसला मात्र कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा ओळखत नव्हता.

सुरुवातीला त्यात गंमत होती. मग मान दुखायला लागली. तीच गाणी, तोच घाम, हेल्मेटमध्ये घुमणारा स्वतःचाच आवाज. समोर काळ्या काचेची पट्टी आणि तिच्यापलीकडे काही हलणारं, अंधुक. मागच्या वर्षी पुण्यात तो हट्टाने उघड्या तोंडाने उभा राहिला. दुसऱ्याच गाण्याला लोक ओरडायला लागले, "वेल्डर कुठंय? वेल्डरला आणा!" त्याने पडद्यामागे जाऊन हेल्मेट घातलं तेव्हा टाळ्या पडल्या.

"तुला कोण वळखतं, राव?" कुलदीप नंतर म्हणाला होता. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. खरं तेच तो बोलत होता. पुढच्या वर्षाच्या तारखासुद्धा त्याने देऊन टाकल्या होत्या.

अखेर कंटेनर हलला. तेव्हा ओजसच्या लक्षात आलं, कुलदीपचा फोन बऱ्याच वेळात आलेला नाही.

शेडच्या अलीकडेच त्याला ठोके ऐकू आले. त्याचे ठोके. मग आवाज. वेल्डरचा, यंत्रातून येणारा तोच पत्र्यासारखा आवाज. कॅब तिथेच सोडून तो धावत गेटपाशी गेला.

"पास?" वॉचमन ज्योतीराम म्हणाला.

"अहो, मी वेल्डर आहे."

"वेल्डर कवाच आत गेला. गाणं ऐकू येत न्हाई व्हय?"

ओजसने पिशवीतलं हेल्मेट काढून दाखवलं. ज्योतीरामने शेडकडे हात केला. दारातल्या गर्दीत प्रत्येक चौथ्या डोक्यावर तसंच हेल्मेट होतं.

"असले ढिगानं आल्यात आज. तिकीट काढा आन् जावा."

ओजसने स्वतःच्याच कार्यक्रमाचं तिकीट काढलं.

आत धक्के खात, धक्के देत तो पुढे सरकला. हेल्मेट ओढूनच काढायचं, जो कोण असेल त्याचं. पण स्टेजवरचा वेल्डर डाव्या हाताने माइक धरून होता, आणि ओजस थबकला. त्याच्या माणसांत डावखुरी एकच होती, पूर्वी नावाची. सात वर्षं मागच्या टेबलावर बसून त्याचा आवाज सांभाळणारी साउंड इंजिनिअर. प्रत्येक गाणं तिला पाठ होतं, यात नवल नव्हतं. पण ती आता गात होती ते असं, की जणू ते आत्ताच, तिच्याच तोंडून पहिल्यांदा निघत होतं. जिथे ओजस कधीचा नुसता ओरडत आला होता तिथे ती मध्येच थांबली, श्वास घेतला आणि मग अशी तुटून पडली की अख्खं शेड हवेत उडालं.

कुलदीप त्याला बघून घामाघूम होत गर्दीतून आला.

"आलास व्हय! देवानं वाचवलं. लोकं खुर्च्या मोडायला निघाली व्हती, मग तीच म्हनली, कुना पोराचं हेल्मेट दे, मी जाते. चल मागं. हे गाणं झालं की दिवे घालवतो, तेवढ्यात बदला."

ओजसने त्याच्या हातात पिशवी दिली.

"हे काय?"

"तिला दे. तिचं घट्ट होत असेल, हे जरा सैल आहे."

"आरं, आन् तू?"

"मी तिकीट काढलंय," ओजस म्हणाला.

कुलदीप काहीतरी ओरडत राहिला, पण ठोक्यांत ते विरून गेलं. ओजस वळला. पहिल्यांदा त्याला माणसं दिसली. कंपनीच्या शर्टातली, गळ्यात ओळखपत्र तसंच राहिलेली, डोळे मिटून उड्या मारणारी. कुणीतरी त्याला ढकललं. त्याने परत ढकललं. मग त्याचे पाय आपोआप सुटले, खांदे सुटले, मान सुटली. तो वेडावाकडा, बेताल नाचायला लागला.

शेजारी नाचणारी मुलगी त्याच्याकडे बघून हसली आणि कानाशी ओरडली, "पहिल्यांदाच आलायस का?"

"हो," ओजस ओरडला. "पहिल्यांदाच!"