खाजगी वापर

"एवढा कर मी भरू कुठून, बाई? गाडी विकू?"

डिलिव्हरीवाला खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला होता. पाय सारखा हलत होता. टेबलावरचा फोन मधूनमधून गुरगुरायचा, आणि दर गुरगुरीला एक ऑर्डर हातची जायची. बायको शेजारी बसली होती. तिनेच त्याला ओढून इथे आणलं होतं, आणि इथून थेट त्याच्या आईकडे जायचं, हेही कबूल करून घेतलं होतं. आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. 'टॅक्सचं एकदा मिटू दे, मग जाऊ,' हे त्याचं पालुपद वर्षभर चाललं होतं.

करसल्लागार बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, जमा झालेल्या सगळ्या रकमेवर कर नसतो. तुम्ही कुणाचे नोकर नाही, धंदा तुमचा स्वतःचा. पेट्रोल, टायर, दुरुस्ती, फोनचं बिल, हा खर्च आधी वजा करायचा. कर उरलेल्या नफ्यावर."

त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे सगळं पेट्रोल वजा?"

"धंद्यासाठी जाळलं तेवढंच. घरच्या कामाला, कुणाला भेटायला गाडी नेली, तो खाजगी वापर. तो वेगळा काढायचा. किती असेल?"

"शून्य!" तो छाती फुगवून म्हणाला. "गाडी काय अन् मी काय, दोघंही धंद्यालाच जुंपलेले."

"अख्ख्या वर्षात शून्य? काहीतरीच काय! आठवा नीट. मी खोटं लिहीत नाही."

फोन पुन्हा गुरगुरला. त्याचा हात तिकडे गेला आणि तसाच मागे आला. बाजार? बायको चालत जाते. मेहुणीचं लग्न? बायकोच एकटी जाऊन आली. सिनेमा? छे! अख्खं वर्ष गेलं तरी कुठे? तो खरोखर कासावीस झाला. मग एकदम त्याने टेबलावर थाप मारली.

"आहे की! आईकडे गेलो होतो. तिच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, त्यांना पिझ्झा दिला आणि उतरताना आईकडे शिरलो. चांगला दहा मिनिटं बसलो! आणि गंमत बघा, ती दारातच उभी. मी येणार हे तिला आधीच कळलं होतं. आईचं मन, दुसरं काय!"

त्याने मोठ्या ऐटीत बायकोकडे पाहिलं. ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"ती फेरीही धंद्यातच धरा, बाई," ती म्हणाली. "पिझ्झा आईंनीच मागवला होता, काकूंच्या फोनवरून. त्याआधी तीनदा मागवला, तेव्हा दुसरीच मुलं आली."