एक सूत बाहेर

शाळेच्या सभागृहात आठ थरांची भिंत रचून होईपर्यंत गवंड्याचे गुडघे बोलायला लागले होते. ही सहावी शाळा. भिंत नुसत्या मातीत रचायची, मुलांना दाखवायची, मग पाडून विटा टेम्पोत भरायच्या. जन्मभर बांधलं, आता आपलंच पाडत फिरा, असं तो पुटपुटला.

बांधकामाचा प्रशिक्षणवर्ग काढणारा इंजिनिअर मात्र पोपटासारखा बोलत होता. बांधकामात भविष्य आहे, इथल्या कामांना बाहेरून माणसं आणावी लागतात, हुन्नर शिकलात तर पोटाची चिंता नाही. त्याच्या वर्गाला अजून एक नाव कमी होतं. ते आज मिळालं नाही, तर वर्ग बंद आणि तिथली गवंड्याची शिकवायची नोकरीही बंद. या गुडघ्यांनी पुन्हा परांचीवर चढायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

नावं लिहायचा कागद सगळ्या रांगांतून फिरून कोराच परत आला.

"काका, तुमच्या घरचं कोणी येणार का यात?" मागून एका मुलाने विचारलं.

खसखस पिकली. तिसऱ्या रांगेत गवंड्याची लेक बसली होती. गेल्या आठवड्यात तिने या वर्गाला जाते म्हटलं, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला होता. माझी हाडं झिजली तेवढी पुरे, तू खुर्चीवर बसून काम कर, असं त्याने बजावलं होतं. लोकांच्या पोरांना मात्र या म्हणत फिरतोय. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला.

इंजिनिअरने कपाळाला हात लावला. घंटा झाली, मुलं पांगली. गवंडी विटा काढायला वाकला, तर लेक समोर उभी. तिने त्याच्या पिशवीतला ओळंबा काढला, भिंतीच्या कडेला सोडला आणि तो हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली.

"बाबा, भिंत वर एक सूत बाहेर आलीय."

त्याने चष्मा पुसून पाहिलं. आली होती, इंचाचा आठवा भाग. एवढ्या वर्षांत त्याची भिंत कोणी वाकडी म्हटली नव्हती, आणि आज त्याला स्वतःला तो वाकडेपणा दिसलाही नव्हता.

तो तिथेच जमिनीवर बसला. थापी त्याने लेकीपुढे धरली. "वरचे तीन थर काढ. नीट लाव."

"पण आता पाडायचीच आहे ना?"

"पाडायची म्हणून काय वाकडी ठेवायची?"