सिकॅमोरची लाकडं

तिसऱ्या दिवशीही चिता पेटेना.

क्लिफर्ड मेटकाफ दगडी भिंतीशी उभा राहून बघत होता. खालच्या कुरणात शंभर पावलं लांबीचा खंदक होता. त्यात सरकारी माणसांनी रचलेले ओंडके, त्यांवर कोळसा आणि सगळ्यांत वर त्याची साडेतीनशे मेंढरं. शेजारच्या पर्सी ऑल्डरसनची दोनशे दहा त्यांच्याच पलीकडे. पाऊस सोमवारपासून थांबला नव्हता. ओंडके ओल्या पाइनचे. डिझेल ओतलं की भडका उडायचा आणि पाच मिनिटांत नुसता काळा धूर उरायचा. धूर सरळ घराकडे यायचा.

फोन क्लिफर्डनंच केला होता. एका मेंढीच्या ओठांवर फोड दिसले, ती लंगडतही होती. देशभर लाळ्या खुरकुताची साथ होती, पण यॉर्कशरच्या या खोऱ्यात ती अजून शिरली नव्हती. त्याला आधी मावा वाटला, मेंढरांच्या तोंडाला फोड आणणारा साधा रोग. मावा दर वसंतात यायचा आणि आपला आपण बरा व्हायचा. त्याची बायको डोरीन म्हणाली, दोन दिवस थांबून बघ. तो थांबला नाही. आपल्यामुळे खोरं बुडालं तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, असं म्हणाला. जनावरांची डॉक्टर आली, कोवळी पोर, दूर दक्षिणेकडची. तिनं ओठ तपासले, रक्त घेतलं आणि बाहेर गाडीत बसून बराच वेळ फोनवर बोलली. रक्ताचा निकाल यायच्या आत वरून सगळी मेंढरं मारायचा हुकूम आला. पर्सीची मेंढरंही त्यातच गेली, कारण दोघांच्या कुरणांमध्ये भिंत एकच होती.

सरकारी माणसांच्या मुकादमाला क्लिफर्डनं सांगून बघितलं की या लाकडांनी काही होणार नाही. पाठवलंय ते हेच, मुकादम म्हणाला. त्याच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं.

क्लिफर्ड घरामागच्या पडवीत गेला. तिथं छपरापर्यंत सिकॅमोर रचलेलं होतं. दुधाच्या खोलीवर सावली धरणारं ते झाड दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलं आणि त्याच आठवड्यात नवराबायकोनं ते फोडून काढलं. सिकॅमोरला थांबून चालत नाही. ओलं असताना ते कुऱ्हाडीखाली काकडीसारखं दुभंगतं. तसंच पावसात पडू दिलं, तर वर्षभरात हाताला भुसा लागतो. पण फोडून, छपराखाली, वारा खेळेल असं दोन उन्हाळे ठेवलं, की हलकं होतं आणि एकावर एक आपटलं की टणटणतं. झटकन पेट घेतं. ठिणग्या उडवत नाही, धुरकटत नाही. ओकसारखं रात्रभर निखारा धरून बसत नाही, एवढीच त्याची खोड.

डोरीन दारात आली.

"ते घरचं आहे," ती म्हणाली. "हिवाळ्यात काय जाळणार?"

"तीन दिवस झाले त्यांना तिथं पडून."

ती आत गेली, कपड्यांची टोपली रिकामी करून आणली आणि लाकडं भरू लागली.

तेवढ्यात पर्सी हातगाडी ढकलत आला. गोळ्या झाडल्या त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. क्लिफर्डला त्याच्याकडे वर मान करून बघवेना. पर्सीनं विचारलं नाही, थांबलाही नाही, सरळ हातगाडी भरायला लागला. तिघांनी बारा खेपा केल्या. खंदकाशी पर्सी गुडघ्यांवर बसला आणि ओंडक्यांच्या पोटात हात घालून एकेक फाक सरकवत गेला, वरून ताडपत्री धरायला लावली.

सिकॅमोरनं पहिल्याच काडीला पेट घेतला. स्वच्छ पिवळी ज्वाळा सरसरत आत शिरली. तासाभरानं कोळसाही पेटला आणि मग लोकरीचा वास सुटला. ही मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर चरलेली. आपली हद्द कुठं संपते, ते आईनं कोकराला दाखवलेलं. बाजारातून आणलेली मेंढी तिथं टिकत नाही, वाट फुटेल तिकडे निघून जाते. डोरीन तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून उभी होती. क्लिफर्ड मात्र शेवटपर्यंत उघड्या तोंडानं उभा राहिला.

नवव्या दिवशी सकाळी निकालाचा फोन आला. पलीकडच्या माणसानं कागदावरून वाचून दाखवलं. लाळ्या खुरकूत नव्हता. साधा मावा होता. कळवायला उशीर झाल्याबद्दल दिलगीर आहोत, असंही तो म्हणाला.

क्लिफर्डनं डोरीनला सांगितलं. ती खुर्चीत बसली. मी म्हटलं होतं, असं तिनं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग तो पर्सीकडे निघाला. दुसऱ्याच्या तोंडून त्याला कळायला नको होतं. एप्रिलचा महिना, आणि डोंगरावर एकही कोकरू ओरडत नव्हतं. पर्सी रिकाम्या गोठ्यात पाण्याच्या बादल्या धूत होता. क्लिफर्डनं उंबऱ्यातूनच सांगितलं.

"मावा होता, पर्सी. मी तो फोन केला नसता तर तुझी मेंढरं आज वर चरत असती. मला काय म्हणायचं ते म्हण."

पर्सीनं बादली उपडी घातली.

"तू ती लंगडी मेंढी धरली होतीस ना, तेव्हा मी भिंतीपलीकडे होतो," तो म्हणाला. "तोंड बघितलं मी तिचं. मावाच होता. ती डॉक्टर आली तेव्हा सांगायला तुझ्या फाटकापर्यंत आलोही होतो, क्लिफर्ड. मग वाटलं, लोक म्हणतील, पर्सी आपली मेंढरं वाचवायला बघतोय. म्हणून तसाच मागं फिरलो."