अर्धा ठोका आधी

उल्या तिसऱ्यांदा आपटली तेव्हा कठड्याशी उभ्या असलेल्या रिम्मानं डोळे मिटून घेतले. आवाजावरूनच तिला कळलं, कोपर. डोकं नाही. अजून तरी नाही.

"चूक माझी," बर्फावरून उठत ती सोळा वर्षांची पोरगी म्हणाली.

"तुझी नाही तर काय माझी?" ग्लेब उजवा खांदा चोळत होता. "बटाट्याचं पोतं परवडलं. ते निदान अंगावर तरी येत नाही."

रशियातल्या पेर्म शहरात याच बर्फावर रिम्मा आणि ग्लेब पंधरा वर्षं जोडीनं स्केटिंग करत होते. दोनदा युरोपचे विजेते झाले. मग गेल्या ऑक्टोबरात रिम्माचा खुबा गेला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. एप्रिलात बघू, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर दुसरं काय म्हणणार? प्रशिक्षक लिदिया ल्वोव्ना मात्र बघत बसणारी बाई नव्हती. तिनं चेल्याबिन्स्कहून ही नवी पोरगी आणली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: शुक्रवारपर्यंत उल्या ग्लेबच्या हातांवर वर गेली तर जोडी तिची. नाही गेली तर तिची परत पाठवणी, आणि ग्लेब रिम्मासाठी एप्रिलपर्यंत थांबेल.

आज गुरुवार होता. रिम्माला फक्त गप्प बसायचं होतं.

कारण उल्या का पडते, हे त्या अख्ख्या इमारतीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. उचलताना ग्लेब बोटं दाबून इशारा देतो आणि त्या इशाऱ्यावर मुलीनं उडी घ्यायची, ही रीत. पण त्याचा उजवा खांदा चार वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. खांदा सावरण्याच्या नादात इशारा अर्धा ठोका उशिरा यायचा, तोवर त्याच्या गुडघ्यांतला जोर संपलेला असायचा. रिम्मा इशाऱ्याची वाटच बघत नसे. अर्धा ठोका आधी उडायची, आपलं वजन आपणच वर फेकायची आणि सगळा भार त्याच्या डाव्या हातावर टाकायची. चार वर्षं. खुबा काही उगाच गेला नव्हता. पण हे तिनं ग्लेबलाही कधी कळू दिलं नाही. एवढ्यातेवढ्यावरून फुगून बसणारा माणूस. त्याला खांद्यावरून बोललेलं सोसलं नसतं.

उल्या पाणी प्यायला कठड्याशी आली.

"रिम्मा पावलोव्ना, बाटली देता जरा?"

वडिलांच्या नावासकट हाक! एकतिसाव्या वर्षीच पोरीनं म्हातारीत जमा केलं. बाटली देण्यासाठी रिम्मानं ग्लेबच्या स्केट्सच्या पात्यांची, बर्फाबाहेर चालताना चढवायची प्लास्टिकची कव्हरं काखेत धरली. सकाळी बर्फावर उतरताना ती त्यानं तिच्याकडे दिली होती, एरवी प्रशिक्षकाकडे देतात तशी.

"कोपर दाखव."

"काही नाही झालं. पडताना डोकं सांभाळते मी."

"तू कसं सांभाळणार गं? ते काम खालच्याचं."

पोरीच्या बाहीतून रक्त झिरपत होतं आणि ती हसायला बघत होती. पलीकडे ग्लेब पुन्हा खांदा चोळत होता. चौथ्या वेळी कोपर असेलच असं नाही. रिम्माला स्वतःचाच राग आला. बोलायच्या आधी तिनं पोरीला तीन वेळा पडू दिलं होतं.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "इशाऱ्याची वाट बघायची नाही. त्याचे गुडघे वाकले की उडायचं. आणि भार डाव्या हातावर. उजव्यावर भरवसा नाही."

"पण लिदिया ल्वोव्ना म्हणतात, इशाऱ्याआधी उडाली ती मेली."

"मी मेले का?"

उल्यानं तिच्या काठीकडे बघितलं.

"आणि हे त्याला सांगायचं नाही. कधीच."

पोरीनं मान डोलावली आणि ती बर्फावर परत गेली.

या वेळी ती वर गेली. सरळ, न डगमगता, ग्लेबच्या डोक्यावर हातभर उंच. त्यानं तिला तसंच धरून अर्धं मैदान पार केलं. पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या लिदिया ल्वोव्नानं थर्मासचं झाकण हातातून खाली ठेवलं.

"उद्याची गरज नाही," ती म्हणाली. "जोडीची नावं आजच कळवते."

"बघितलंत?" ग्लेब ओरडला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. "कापूस आहे कापूस! आणि मी समजत होतो, खांदा गेला माझा. खांद्याला काय धाड भरलीये? वजन होतं ते, वजन!" मग त्याचं कठड्याकडे लक्ष गेलं. "तुला नाही हं म्हणत, रिम्का."

"कळलं," रिम्मा म्हणाली.

तो उल्याशी बोलत बोलतच कठड्याच्या दाराशी, रिम्माजवळ आला. मान मागे वळलेली, डावा हात पुढे, तळवा वर. पंधरा वर्षं प्रत्येक स्पर्धेत बर्फावर उतरताना तो असाच हात पुढे करायचा, न बघता, आणि तो धरून ती त्याच्यासोबत निघायची.

काही कळायच्या आत रिम्माचा हात उचलला गेला. तिनं आपला तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला.

ग्लेबनं वळून आधी हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कव्हरं, रिम्मा," तो म्हणाला. "पात्यांची कव्हरं दे."