लेकीचं बिल

या महिन्याच्या बिलात शून्य युनिट आले होते.

नानांनी चष्मा पुसला आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. शून्य म्हणजे शून्यच. त्यांनी बसल्या जागेवरून बायकोला हाक मारली.

"अगं, पोरीची वीज तोडली की काय या लोकांनी?"

नानी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कशावरून?"

"शून्य युनिट. म्हणजे दिवा नाही, पंखा नाही. अंधारात बसलीय ती!"

"तसं नसेल."

"मग कसं असेल?"

नानींनी कप त्यांच्यापुढे सरकवला. "मी विचारते तिला फोन करून. तुम्ही आधी चहा घ्या, गार होतोय."

चहा तसाच राहिला. नाना चप्पल शोधायला लागले होते.

नाना आयुष्यभर एका छापखान्यात हिशेबनीस होते आणि घरातही हिशेबनीसच राहिले. माणूस खोलीतून पुरता बाहेर पडायच्या आत तिथला दिवा बंद व्हायचा. पाहुणे 'बराय, निघतो' म्हणाले, की नानांचा हात पंख्याच्या बटणाकडे जायचा. नातेवाईक यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायचे. नानांना त्याचं काहीच वाटत नसे. उलट आपलं एवढंसं बिल ते आल्यागेल्याला कौतुकानं दाखवत.

लेक नोकरीला लागली आणि ऑफिसचं काम घरी आणू लागली. एकदा ती टेबलाशी काम करत असतानाच नानांनी दिवा मालवला. "वीज काय तुझा बाप फुकटात आणतो?" असंही वर म्हणाले. एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. त्या दिवशी गेलं नाही.

"मग माझ्या उजेडाचं मी बघेन," ती म्हणाली आणि बॅग भरून मैत्रिणीकडे निघून गेली.

या नव्या घरात येऊन त्यांना तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आधीचं दोन खोल्यांचं घर कुलूप लावून तसंच ठेवलं होतं. माफी मागणं नानांना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी जुन्या घराची किल्ली नानींबरोबर पाठवली आणि निरोप दिला. खुशाल राहा, भाडं नको, वीजबिल माझ्या नावावर येतंच, ते मीच भरेन.

"काय म्हणाली?" नानी परतल्यावर त्यांनी विचारलं.

"ठेव म्हणाली."

"किल्ली?"

"हं."

नानांना तेवढं पुरलं. ती बोलावेल तेव्हाच त्या घराची पायरी चढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाप झाला तरी त्याचाही काही मान असतो.

तेव्हापासून लेकीची खबरबात त्यांना बिलातून कळू लागली. दर महिन्याला छप्पन-सत्तावन्न युनिट. एखादा युनिट वाढला, तर मैत्रीण मुक्कामाला आली असेल. एखादा कमी झाला, तर स्वारी कुठे फिरायला गेली असेल. "बघ, काडीचा फरक नाही. थेट माझ्यावर गेलीय," असं ते नानींना सांगत. नानी नुसतं "हं" म्हणत आणि भांडी आवरायला आत जात.

उन्हाळ्यात मात्र त्यांचा जीव तुटायचा. एवढ्या उकाड्यातही बिल तेवढंच! "लाव की गं पंखा, मी भरतोय ना," असं ते मोबाइललाच सांगायचे. जन्मात पहिल्यांदा त्यांना एखादं बिल वाढावं असं वाटत होतं. बिल भरलं की लेकीच्या पानात काहीतरी गरम वाढल्यासारखं वाटायचं. ती परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. ती येईपर्यंत हे बिल होतं, आणि ते भरण्यात नानांना सुख होतं.

वीज ऑफिसात ते भांडायच्याच तयारीनं शिरले.

"माझी मुलगी अंधारात बसलीय," खिडकीशी पोचताच ते म्हणाले. रांगेतली माणसं बघू लागली. "एक बिल चुकवलेलं नाही मी. वीज का तोडलीत?"

खिडकीतली बाई लेकीच्याच वयाची होती. तिनं ग्राहक क्रमांक विचारून घेतला आणि समोरच्या स्क्रीनवर पाहिलं. "वीज चालू आहे, काका. कुणी तोडलेली नाही."

नानांचा जीव भांड्यात पडला. "मग शून्य कसं आलं?"

"उलट आत्ता कुठे बिल बरोबर आलंय. तुमचा मीटर आतल्या गॅलरीत आहे ना? आमचा माणूस यायचा आणि दाराचं कुलूप बघून परत जायचा. या वेळचा नवीन आहे, हौशी. शेजारच्या गॅलरीतून वाकून आकडा टिपून आणला त्यानं."

"कुलूप असणारच. दिवसभर नोकरीवर असते ती."

"घर बंद दिसलं की आम्ही महिन्याचे दिवस मोजून सरासरीनं बिल लावतो, एखादा युनिट इकडेतिकडे. तेच तुम्ही भरत आलात. आता ते सगळे पैसे वळते होतील तुमच्या खात्यात. पुढची कितीतरी बिलं भरावीच लागणार नाहीत तुम्हाला." ती हसली. अशी बातमी ऐकून लोक खूश होतात, हे तिला माहीत होतं.

नाना खूश झाले नाहीत. "सरासरी कसली? ते युनिट तिचे आहेत. छप्पन-सत्तावन्न. माझ्यासारखीच आहे ती, एक दिवा उगाच जाळायची नाही."

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "घराला कुलूप लागलं तेव्हाचाच आकडा आहे अजून, काका. त्यानंतर एक युनिटसुद्धा जळलेला नाही तिथे. सरासरी धरतात ती त्याआधीच्या वापराची."

"कुणाच्या वापराची?"

"आधी तिथे राहत होते त्यांच्या," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्याच."