हसरं बटण

आमच्या बागेतला झोपाळा वर्षभर एका साखळीवर लोंबकळतोय आणि घसरगुंडीला भलंमोठं भोक पडलंय. तिकडे काणाडोळा करून पालिकेने फाटकाशी नागरिकांचं समाधान मोजणारं यंत्र बसवलं. त्यावर एक रडकं बटण, एक हसरं. हसरं दाबलं की गाणं वाजतं, रडकं मात्र मुकंच. खेळायला दुसरं काहीच नसल्यामुळे पोरं संध्याकाळभर हसरंच बडवत बसतात.

काल उद्यान अधिकारी छाती फुगवून आले. "अख्ख्या शहरात सगळ्यात समाधानी नागरिक तुमच्याच बागेचे!"

माझ्या सासूबाई तोंडाच्या फटकळ. "ते असू द्या हो साहेब, झोपाळा कधी दुरुस्त करताय?"

साहेबांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

 

"आजी, पोरं झोपाळ्यावर गेली, तर बटण कोण दाबणार?"