राखेतले गाल

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना शर्वरीच्या हाताला आईचे गाल लागले. चितेत सगळं जळलं होतं, पण भरदार दिसण्यासाठी गालांत भरलेलं जिवंत फिलर गुलाबी, गुबगुबीत, तसंच होतं.

“विरघळवायची इंजेक्शनं नव्हती दिली?” गुरुजींनी विचारलं.

“किती वेळा दिली,” बाबा म्हणाले. “गाल उतरायचे आणि पुन्हा फुगायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता हे तुमच्याबरोबरच जाईल.”

“नदीत सोडू नका हो. बुडत नाही ते. घाटावर आधीच खच पडलाय.”

शर्वरीने ओंजळ मिटली. लग्नाआधी आईबरोबर तिनेही तेच भरून घेतलं होतं.

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“सोमवारी तुझं विरघळवायचं पहिलं इंजेक्शन ना? मी येतो बरोबर.”